डावा हात वर

मी डावखुरी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की ही पोरगी मुद्दामच तशी वागली. मुद्दाम नाही हो. तोंडातून निघून गेलं.

आमच्या शाळेत नववीचा एकच वर्ग आहे आणि वर्गात आम्ही अठ्ठावीस जण. इमारत तशी धडधाकट आहे. छत गळत नाही, बाकं मोडलेली नाहीत, नळाला पाणी येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हिला काय धाड भरलीय? पण गणितात आमचा निकाल सलग तीन वर्षं झोपलेला. आणि सरकारी शाळा झोपली की तिला उठवत बसत नाहीत, सरळ दुसऱ्या शाळेच्या अंथरुणात सरकवतात. याला कागदोपत्री 'समायोजन' म्हणतात. आमचं समायोजन व्हायचं होतं पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत. ती सुटते सव्वापाचला आणि तिथून आमच्याकडे यायची शेवटची बस निघते पाचला.

त्यामुळे आईने घरी निकाल लावून टाकला होता. "शाळा बंद झाली तर तू आत्याकडे. बोलायचं काम नाही."

आत्या दुसऱ्या शहरात राहते. माझ्यावर तिचा जीव आहे, नाही असं नाही. पण तिच्या सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असतं आणि तिच्या घरात हसायचं असलं तरी आधी पाय पुसावे लागतात. शिवाय तिथे आई नाही, आणि माझी बाकावरची मैत्रीण चष्मिषही नाही. मी घाबरून आईकडे बघायचे आणि आई मशीनवर मान खाली घालून बसलेली असायची. ती शिवणकाम करते. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवून तिने जाडजूड निळ्या कापडाची एक मोठी बॅग शिवायला घेतली. दोन चेनवाली. बॅग शिवायला घेतली म्हणजे मनातल्या मनात तिने मला गाडीत बसवलंच होतं.

सगळं अडलं होतं एका तपासणीवर. शुक्रवारी तपासणीस बाई येणार, नववीच्या गणिताच्या तासाला बसणार आणि काय तो अहवाल देणार.

आता आमचे गणिताचे सर. त्यांना सगळी शाळा 'समजलं-सर' म्हणते. सर वाईट नाहीत हं. कधी ओरडत नाहीत, फळा स्वतः पुसतात. फक्त दर ओळीनंतर विचारतात, "समजलं?" आणि आम्ही एका सुरात, "होऽऽऽ!" पाचवीपासूनची सवय. एकदा सरांना ठसका लागला, ते नुसतेच "स..." म्हणाले, तरी आम्ही "होऽऽऽ" म्हणून मोकळे. मला अपूर्णांकांचा भागाकार पाचवीपासून कळलेला नाही. पण "हो" मी इतकं खणखणीत म्हणायचे की सर माझ्याकडे बघून दर वेळी समाधानाने पान उलटायचे.

मंगळवारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नीट ऐका. शुक्रवारी प्रश्न विचारला की झाडून सगळ्यांचे हात वर पाहिजेत. वर्ग कसा भरगच्च दिसला पाहिजे. पण उत्तर येत असेल त्याने उजवा हात करायचा, येत नसेल त्याने डावा. सर उजव्यांनाच उठवतील. कळलं?"

"होऽऽऽ!"

"आणि तू गं, डावरे," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तू सारखा डावाच उगारतेस. येत असेल तर आठवणीने उजवा. घोळ घालू नकोस."

मी म्हटलं, "मोठ्या बाई, काळजीच नको. मला येतच नाही, त्यामुळे सवयीचाच हात करायचाय."

चष्मिष फिस्सकन हसली. मोठ्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने चष्माच काढून ठेवला.

तालीम सुरू झाली. मला सरांनी फळ्याजवळ उभं केलं, खोटी तपासणीस म्हणून. मी कमरेवर हात ठेवून, आवाज जाड काढून विचारलं, "तीन छेद चार भागिले एक छेद दोन किती?"

सटासट हात वर आले. मी एरवी बाकावर बसून फक्त पुढच्याची मान बघते. पुढून वर्ग मी पहिल्यांदाच पाहिला. सगळीकडे डावे हात. उजवे मोजले तर पाच. चष्मिषचा, खिडकीतल्या दोघांचा आणि मागच्या बाकावरच्या जुळ्यांचा. बाकी बावीस डावे, आणि माझा धरून तेवीस.

मी सरांकडे वळले. सरही मोजत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग त्यांनी खडू ठेवला, हात झटकले, परत खडू उचलला आणि परत ठेवला. मला एकदम कसंतरी झालं. इतकी वर्षं आम्ही त्यांना "हो" म्हणत होतो आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाच पुरे आहेत. सर, त्या पाचांनाच आलटूनपालटून उठवा."

सरांनी फळा पुसून टाकला. त्या दिवशी त्यांनी एकदाही "समजलं?" विचारलं नाही.

शुक्रवार उजाडला. तपासणीस बाई माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहानखुऱ्या निघाल्या. पायांत बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्या येऊन थेट शेवटच्या बाकावर जुळ्यांच्या मधे बसल्या. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या, जाता येईना आणि आत येववेना अशा.

पहिले तीन प्रश्न मस्त पार पडले. सर विचारायचे, अठ्ठावीस हात वर, उजव्यांतला एक उठायचा, उत्तर बरोबर. वर्ग म्हणजे नुसता तोफखाना. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. मला तर घरी बॅगेची शिवण उसवल्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

तेवढ्यात तपासणीस बाई उठून पुढे आल्या. "सर, एक मी विचारू?"

नाही कसं म्हणणार? त्यांनी फळ्यावर लिहिलं. तीन छेद चार भागिले एक छेद दोन. आमचंच तालमीतलं! हात वर गेले. माझाही गेला. आता माझा एक दुर्गुण सांगते. मला काही येत नसलं तरी माझा हात शिडीसारखा उंच असतो. उंच हात बघून त्यांनी बोट केलं.

"तू सांग."

मी उभी राहिले. सर माझ्याकडे बघत होते, दारातून मोठ्या बाई डोळे वटारून काहीतरी खुणावत होत्या, पण ते काय ते मला कळेना.

"मला येत नाही, बाई."

"येत नाही? मग हात कशाला वर केलास?"

"म्हणून तर डावा केला."

चष्मिषने माझ्या स्कर्टचं टोक ओढलं, पण आता काय उपयोग? सांडलं ते सांडलं. मला डोळ्यांपुढे आत्याचा सोफा दिसला, प्लॅस्टिकसकट.

तपासणीस बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. हात अजून वरच होते, खाली घ्यायला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना उमगलं. त्या मोजायला लागल्या.

"तेवीस," मी म्हटलं. "आम्ही मोजलेत."

"डावरे!" दारातून मोठ्या बाईंचा आवाज आला, पण त्यात जोर नव्हता.

"सर," तपासणीस बाई म्हणाल्या, "तुम्हाला हे माहीत होतं?"

सरांनी चष्मा काढला. "मंगळवारपासून. त्याआधी बावीस वर्षं मला फक्त 'हो' ऐकू येत होतं."

"आणि आता?"

"आता शिकवतो," सर म्हणाले. एवढंच. मग माझ्याकडे वळले. "तुझी आई शिवणकाम करते ना? तिच्याकडे पाऊण मीटर कापड आहे. एका पिशवीला अर्धा मीटर लागतं. किती पिशव्या होतील?"

"दीड," मी म्हटलं. यात काय विचार करायचा? एक पिशवी झाली की पाव मीटर उरणार, ते अर्ध्या पिशवीपुरतं. "पण सर, अर्ध्या पिशवीला धरायचं कुठे?"

वर्ग खदखदला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन छेद चारच्या खाली लिहिलं 'पाऊण'. एक छेद दोनच्या खाली लिहिलं 'अर्धा'. आणि बरोबरच्या चिन्हापुढे लिहिलं 'दीड'.

मी बघतच राहिले. तीन छेद चार म्हणजे पाऊण? आपला रोजचा पाऊण? आईच्या टेपवरचा, पाऊण तासातला, पाऊण तांब्या पाण्यातला? माझ्या डोक्यात हे दोघं चार वर्षं शेजारी राहत होते आणि त्यांची साधी ओळखही नव्हती!

"सर, हे आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज जरा चढलाच.

"तुम्ही कधी 'नाही' म्हणालातच नाही," सर म्हणाले. तेही जरा चढूनच.

मग त्यांनी वर्गाला दुसरं गणित घातलं, सव्वा भागिले पाव. काही डावे हात खाली गेले आणि त्याच पोरांचे उजवे वर आले. मग तिसरं, मग चौथं. एकाने गोंधळून दोन्ही हात वर केले. सर म्हणाले, "चालेल, निम्मं समजलं असेल." मी उजवा केला. उजवा हात वर धरायची मला सवयच नाही, तो झेंड्यासारखा डोलत होता. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही आणि शेवटी डावे उरले आठ. त्या आठ जणांची नावं सरांनी वहीत लिहून घेतली. तपासणीस बाईंनीही काहीतरी लिहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

"डावरे," मोठ्या बाई मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "तुझी जीभसुद्धा डावीच आहे का गं?"

मला रडू यायला लागलं, तसा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा. चूक माझी होती," त्या म्हणाल्या आणि भराभर ऑफिसात गेल्या.

घरी मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि बॅगेला दुसरी चेन लावायला घेतली. त्यानंतरचे बारा दिवस कसे गेले, मलाच ठाऊक. आत्याचा फोन आला. "चपलांच्या कपाटात तुझ्यासाठी एक कप्पा रिकामा केलाय गं." केवढा जिव्हाळा!

शाळेत मात्र गंमत सुरू होती. सर आता "समजलं?" विचारत नव्हते. ओळ झाली की नुसते म्हणायचे, "हात?" आणि हात वर जायचे. डावे दिसले की सर मागे फिरायचे, परत सांगायचे, नाहीतर एखाद्या उजव्या हाताला एका डाव्याच्या शेजारी बसवायचे. भूगोलाच्या बाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि आपल्या तासाला तेच सुरू केलं. मी चष्मिषला म्हटलं, "शाळा सुधारली गं, पण जातेय." ती म्हणाली, "गप बस, मला रडवू नकोस, काचेवर धुकं येतं."

तेराव्या दिवशी पत्र आलं. मोठ्या बाई ऑफिसात फोनवर होत्या, म्हणून ते सरांच्याच हाती पडलं. सर वर्गात उभे राहून वाचायला लागले. भाषा अशी की दात दुखावेत. सदर प्रशाला, उपरोक्त विषयान्वये, वगैरे वगैरे. आम्ही श्वास रोखून. आणि शेवटची ओळ: "...सबब सदर प्रशालेच्या समायोजनाचा प्रस्ताव नस्तीबंद करण्यात येत आहे."

बंद.

सगळ्यांना तेवढंच ऐकू आलं. जुळे बाकावर डोकं टेकून बसले. चष्मिषने चष्मा काढला. मी मनातल्या मनात पाय पुसायला सुरुवात केली.

"नस्तीबंद म्हणजे काय, सर?" खिडकीजवळच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

सरांनी ओळ पुन्हा वाचली. मग वर्गाकडे पाहिलं. अठ्ठावीस डावे हात वर होते. सरांनी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं आणि आपला डावा हात वर केला. अगदी सरळ, कानाला लागेल असा.

मोठ्या बाई दारात आल्या तेव्हा वर्ग असा होता. एकोणतीस डावे हात आणि एकही शब्द नाही.

"काय झालं?"

"नस्तीबंद," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी पत्र ओढून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि भिंतीला टेकल्या. "अहो, नस्ती म्हणजे फाईल! प्रस्तावाची फाईल बंद केलीय त्यांनी. शाळा नाही! शाळा राहतेय, वेड्यांनो!"

त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. पुढच्या गल्लीतली माणसं बघायला आली. मोठ्या बाई एकीकडे डोळे पुसत होत्या आणि एकीकडे पत्रामागचा हाताने लिहिलेला शेरा मोठ्याने वाचत होत्या. तिथे लिहिलं होतं की 'डाव्या हाताची पद्धत' प्रामाणिकपणे चालू ठेवावी. त्यातला 'प्रामाणिकपणे' हा शब्द वाचताना त्या माझ्याकडे बघून खोकल्या.

मी घरी धावतच गेले. आई मशीनवर होती.

"नस्तीबंद!" मी दारातूनच ओरडले.

आईचा पाय थांबला. तिचा चेहरा उतरला. मी चटकन म्हटलं, "फाईल बंद, आई, फाईल! शाळा नाही. मी कुठेही जात नाहीये."

ती उठली, खुंटीवरची निळी बॅग काढली, दोन्ही चेन उघडून आत बघितलं आणि गिऱ्हाइकांचे शिवून झालेले कपडे घड्या घालून तीत भरायला लागली. "बरं झालं," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "कपडे पोचवायला मला मोठी बॅग हवीच होती." आवाज जरा ओलसर होता.

मग तिने फोन उचलला आणि आत्याला लावला.

"वन्सं, तो कप्पा भरून टाका. चपला येत नाहीयेत."