पास्कूचं फाटक

वाकोल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला चर्चचं कब्रस्तान आहे. दगडी कमान आणि तिला शंभर वर्षांचं लोखंडी फाटक. आत लगेच पायऱ्या, म्हणून ते बाहेर, रस्त्यावरच उघडतं. हे फाटक मी दोनदा खालून कापलंय, आणि हौसेनं नाही. कंत्राटदार जुना रस्ता न उकरता वरच डांबर ओततो. रस्ता चढतो, फाटक अडकतं, की बोलावणं मला. संपात गिरणी गेल्यापासून गल्लीतलं सगळं लोखंड गुणाजी फिटरच्या गळ्यात.

रोजच्या जाण्यायेण्याला बाजूची दिंडी आहे, एका माणसापुरतं दार. मोठं फाटक उघडतं ते फक्त मयताला. तीस वर्षं कब्रस्तानाच्या राखणदारानं, पास्कूनं ते उघडलं आणि पेटी आत गेली की बंद केलं. गेल्या मंगळवारी पास्कूच गेला. आणि सोमवारीच कंत्राटदार डांबर ओतून गेला होता!

पास्कूची बायको फिलूबाय माझ्या दारात आली. म्हणाली, "गुणाजी, माझ्या माणसाला दिंडीतून तिरका करून नको रे न्यायला."

तिला काय सांगू? आता खालची पट्टी कापली असती तर सगळे गज सुटे झाले असते. डोकंच फिरलं माझं. पहार घेतली आणि भर दुपारी फाटकासमोरचा रस्ताच उकरायला लागलो.

कंत्राटदाराचा मुकादम ओरडत आला. "ए, परमिशन आहे काय?"

"आमचं फाटक गाडलंस तेव्हा तू घेतली होतीस?"

आला तसा परत गेला. चार वाजता दोन्ही दारं उघडली आणि पास्कू खांद्यांवरून सरळ आत गेला. मी रडलो, उगाच लपवत नाही.

फाटक बंद करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते काम पास्कूचं ना! सकाळी गेलो तर काय, एरवी महिनोन्महिने न फिरकणाऱ्या कंत्राटदारानं खड्डा बुजवलेला. उघडी दारं तशीच डांबरात रुतलेली. घरी जाऊन परत पहार आणली.

तोवर फिलूबाय फुलं घेऊन आली होती, पायरीवर बसली होती.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तीस वर्षं कुणी गेलं की तो भरल्या ताटावरून उठायचा. आता त्याला उठायला नको."

पहार खाली ठेवून मी तिच्या शेजारी बसलो. कंत्राटदाराला शिव्या घालणं मात्र थांबवलं नाही.