आबांचं तिकीट

श्रीनाथराव तारे, म्हणजे घरातले आबा, चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. भाजीवाला जरा गोड बोलला की हा काटा मारणार. शेजारी दोनदा हसला की याचं काहीतरी काम अडलंय. माणूस सरळ असू शकतो हे त्यांना मान्य होतं, पण पुराव्यानिशी.

तेव्हा टावर चौकामागच्या गल्लीतल्या त्या मुलांच्या उपचार केंद्रावर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. नातू रुचिर आठ वर्षांचा. जन्मापासून त्याचे पाय आखडलेले, उजवा हात मुठीत वळलेला, सगळं हिंडणं-फिरणं चाकाच्या खुर्चीवर. सून पल्लवी बँकेत, मुलगा नोकरीसाठी रोज इंदूरला जाऊन-येऊन. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी नातवाला उचलून रिक्षात घालणं, उतरवणं, परत आणणं हे काम आबांचं.

आधीचे डॉक्टर त्यांना पटले होते. टेबलावर निजवून पाय ओढत, पोरगं किंचाळे. निदान काहीतरी चाललंय एवढं तरी दिसे. इथली उपचार करणारी ऋता मात्र जमिनीवर मांडी घालून बसायची. अर्धा तास व्यायाम, आणि मग तासभर म्हणे खेळ. त्यासाठी मोहल्ल्यातली चांगली धडधाकट पोरं मागच्या फाटकातून आत यायची, आणि घरच्या माणसांना बाहेरच्या बाकावर बसवून दार लावून घेतलं जायचं.

"दार कशाला लावायचं?" आबांनी एकदा विचारलं होतं.

"घरचे समोर असले ना आबा, की मुलांच्या बदल्यात तेच उत्तरं देतात," ऋता हसून म्हणाली होती. हसली, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत होती.

मग एका मंगळवारी रिक्षापाशी ते नातवाला उचलायला वाकले, तर तो म्हणाला, "आबा, हात लावायच्या आधी विचारायचं."

आबांनी हात मागे घेतला. "कोणी शिकवलं हे?"

"तिथे सगळेच विचारतात."

"कोणी त्रास देतं का रे तुला? सांग बरं मला."

"नाही सांगणार. सीक्रेट आहे."

त्याच संध्याकाळी त्यांना रुचिरच्या उजव्या अंगठ्यावर फोड दिसला. जी मूठ धड उघडत नाही, तिच्या अंगठ्याला फोड! आणि वर कहर म्हणजे कपाटाच्या खणातून त्यांचा नोकरीतला लोखंडी चिमटा गायब. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा त्यांनी निवृत्तीनंतरही तेल लावून जपला होता. पोरांकडून घरच्या वस्तू मागवतात की काय? पाणी कुठेतरी मुरत होतं.

"आबा, तुम्हाला ना सगळी दुनिया विदाउट टिकटच दिसते," पल्लवी वैतागून म्हणाली. "तो हल्ली मंगळवारची वाट बघतो, दिसत नाही का तुम्हाला?"

"तेच तर! फूस लावलीय त्याला. या शुक्रवारी शेवटचं. त्यानंतर नाही पाठवायचा."

हे ते रागानेच बोलले, पण आत भीती होती. दिवाळीपासून त्यांची कंबर गेली होती. सदऱ्याखाली पट्टा बांधून, दात आवळून ते नातवाला उचलत आणि कुणाला पत्ता लागू देत नसत. तेवढं एकच तर काम उरलं होतं. उद्या विचारलं आणि पोराने नको म्हटलं, तर मग आबा कशाला हवेत?

शुक्रवारी दार लागलं तसे ते बाकावरून उठले आणि बाजूच्या खिडकीशी गेले. भैरवगढच्या ठशांनी छापलेल्या कापडाचा पडदा होता, कडेला बोटभर फट. तिला त्यांनी डोळा लावला.

आत पोरं ओळीने बसली होती. मधोमध रुचिर, घामेघूम, चेहरा लाल. उजव्या हातात काहीतरी लोखंडी धरून तो सगळं अंग ताणून दाबत होता आणि हात थरथरत होता. समोर एक मुलगी मुसमुसत होती, "मुझे मत उतारो ना!" आणि ऋता? भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बघत होती.

आबांनी दार ढकललं ते भिंतीवर आपटलं. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी रुचिरला खुर्चीतून उचलून छातीशी धरलं. "बस झालं! चल घरी!"

"आबा, खाली ठेवा!" रुचिर ओरडला. "मी ड्युटीवर आहे!"

तेव्हा कुठे आबांना दिसलं. खुर्च्यांच्या दोन रांगा, मधून चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट, पोरांच्या हातांत पुठ्ठ्याचे तुकडे. खाली पडलेला चिमटा त्यांचाच होता.

"अंकल, ट्रेन चल रही है," एका मुलाने त्यांना समजावलं.

"हा घरून चिमटा घेऊन आला, तुम्हीच दिलात असं वाटलं मला," ऋता उठत म्हणाली. "व्यायामात तो तीनदा मूठ उघडतो, तेही रडत. टीसी झाला की पूर्ण डबा चेक करतो. फोड आला तरी सोडत नाही."

आबांना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली वाकवेना, रुचिरला सोडवेना. ऋता जवळ आली आणि हातभर अंतरावर थांबली.

"आबा, हात लावू? कमरेला?"

एकोणसत्तर वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. तिने त्यांना सावरलं, मग रुचिरलाही विचारून त्याला खुर्चीत उतरवलं. मुसमुसणाऱ्या मुलीने चिमटा उचलून टीसीच्या हातात दिला.

"तिकीट?" रुचिरने आबांना विचारलं.

"माझ्याकडे कुठलं तिकीट?"

"आपल्याला कशात मदत लागते ते सांगायचं, मग तिकीट मिळतं. या बबलूला अंधारात सोबत लागते. ही म्हणते काहीच नाही लागत, म्हणून उतरवत होतो."

"मलाही काही लागत नाही."

"मग उतरा."

रुचिर त्यांच्याकडे रोखून बघत राहिला. ती नजर आबांच्या चांगलीच ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनी तीच वापरली होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलणाऱ्यांचं काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं.

"मला..." आबांनी सदऱ्यावरून कमरेचा पट्टा चाचपला. "तुला उचलणं आता जमत नाही रे मला. दिवाळीपासून."

रुचिरने पुठ्ठ्याचा तुकडा चिमट्यात धरला आणि दाबला. भोक पडलं नाही. पुन्हा दाबला. कुणी मदतीला गेलं नाही, आबाही नाही. तिसऱ्यांदा टक् आवाज झाला, आणि त्याने तिकीट पुढे केलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "उचलताना तुमचा श्वास अडकतो. म्हणून तर म्हटलं, आधी विचारा. मी नको म्हणणार होतो."

आबांनी तिकीट घेतलं. सवयीने ते उलटून पाहिलं.

"बसा आता," टीसी म्हणाला, "गाडी लेट झालीय."