पारापुढून जाताना

बीडच्या गोंगाटात आईचा, वनमालाचा, जीव गुदमरतो, म्हणून रविराजनं रविवारी तिला धरणातल्या बेटावर न्यायचं ठरवलं. बेट कसलं, वनमालाच्या सासरच्या गावामागची टेकडी ती. धरणात गाव बुडालं आणि टेकडीचं बेट झालं.

बोटीवर गाणी दणदणत होती, पोरं सेल्फी काढत होती. वनमालाचं सगळं ध्यान टेकडीकडं. टेकडी जवळ आली तशी ती घाईनं वाकली, चपला काढून हातात घेतल्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आई, चप्पल चावली का?" सून रोहिणीनं विचारलं.

"न्हाई गं. खाली पार हाय. मामंजी बसायचे तिथं, सगळी म्हातारी माणसं घेऊन."

नवी नवरी असताना पाण्याच्या दर खेपेला त्या पारापुढून अनवाणी जाताना तिचे तळवे भाजायचे. मेले उठत कसे न्हाईत, म्हणून ती मनातल्या मनात चरफडायची. त्यांतलं एकही कधी मान वर करून बघायचं नाही.

आज तिनं बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात पाहिलं. एकानं तरी वर बघावं, असं तिला लई वाटलं.