तपासणीच्या टेबलामागचं स्टूल

मी एक स्टूल आहे. मला पाठ नाही, हात नाहीत. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा संसार.

बंगळूरहून के. आर. पुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कारखाना आहे. तिथं १९५४ साली माझा जन्म झाला. परदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. यंत्र बाहेर निघालं की खोकं सुतारांकडे जाई. शिवाप्पा सुतारानं अशाच एका खोक्याच्या फळ्यांतून मला घडवलं. जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मी डुगडुगलो नाही, तेव्हा तो कानडीत म्हणाला, "सरी." म्हणजे ठीक आहे. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मला लेथच्या दालनात, तपासणीच्या टेबलामागं ठेवलं. लेथवरचे सगळे कामगार दिवसभर उभे असत. बसायला तिथं मी एकटाच. तयार झालेले भाग मापात आहेत की नाहीत, हे पाहणाऱ्यानं माझ्यावर बसायचं. बाकीचे येता-जाता माझ्याकडे बघत. लाकडालाही नजर कळते.

पहिला तपासनीस दुसरीकडे गेला, तेव्हा फोरमननं नागोजीला बोलावलं. नागोजी बेळगावकडचा, लेथवरचा जुना कामगार. फार बोलत नसे. उभं राहून राहून त्याच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या.

"नवा माणूस मिळेपर्यंत तू बस," फोरमन म्हणाला.

परक्याच्या घरी पाहुणा बसतो तसा तो माझ्या फळीच्या काठावर टेकला. नीट बसायला त्याला बरेच दिवस लागले. नवा माणूस मिळायला तर वर्षं लागली.

तपासनीसाचा पगार लेथवाल्याच्या जवळजवळ दुप्पट. नागोजीचा पगार मात्र होता तेवढाच राहिला. एकदा हजेरीचा कारकून जयतीर्थ टेबलापाशी आला, तेव्हा नागोजीनं रुमालात गुंडाळलेला एक कागद त्याच्यापुढं ठेवला.

"हे काय, अण्णा?"

"सातवी फायनलचं सर्टिफिकेट. आमच्याकडं एवढं शिकलेला मास्तर होतो."

"मग तिकडंच मास्तर व्हायचं होतं. इथं ह्या जागेला मॅट्रिक लागते."

"काम तर मीच करतोय."

"काम करू नका असं कोण म्हणतंय? पगार मागू नका, एवढंच."

नागोजीनं कागद पुन्हा रुमालात गुंडाळला. पुढं एकदा तो मॅट्रिकला बसलाही. इंग्रजीत राहिला. परत फी भरायचं नाव त्यानं काढलं नाही. पण माझ्यावर बसून काम करताना त्याच्या पायांना विसावा मिळे, आणि तेवढ्यावर तो समाधानी होता, असं मला वाटतं.

मग अरविंद आला. पुण्याचा मुलगा, बसवनगुडीत खोली घेऊन राहणारा, हातात इंजिनियरिंगचा डिप्लोमा. नागोजी उठला, फडक्यानं मला पुसलं आणि लेथवर गेला.

शेजारच्या लेथवरचा देवाप्पा म्हणाला, "काय नागोजी, गादी गेली वाटतं?"

"गादी कुठली रे? फळी होती."

दोघंही हसले. नागोजी जरा उशिरा हसला.

त्या साली आयुधपूजेला कामगारांच्या बायकामुलांना आत सोडलं होतं. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, तीच. लेथना झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, प्रत्येकाच्या हातात चुरमुऱ्यांचा पुडा. नागोजीची बायको अनुसूया पहिल्यांदाच कारखान्यात आली होती. तो तिला लेथकडे नेऊ लागला, पण ती सरळ टेबलाकडे आली. अरविंद माझ्यावर बसून चुरमुरे खात होता. तो उठून उभा राहिला. अनुसूयानं वाकून माझ्या फळीला हळदकुंकू लावलं.

"ह्यांचं स्टूल," ती म्हणाली.

नागोजी खाली बघत उभा राहिला. जागा गेल्याचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं. देवाप्पा आपल्या लेथची माळ उगाच सारखी करू लागला.

अरविंदच्या ध्यानात आलं. "हो, नागोजींचंच," तो म्हणाला. "मी आपला जरा टेकलो होतो."

"राहू द्या, साहेब. मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?" नागोजीनं विचारलं.

"तुमच्या पायांनी. मध्ये सूज गेली होती. पावसाळ्यापासून मी परत तेल चोळतेय, ते काय उगाच? पगारावरून कळायचा प्रश्नच नव्हता. तो तेव्हा वाढला नाही, आता घटला नाही." मग ती अरविंदकडे वळली. "साहेब, शिक्षणाचं, पगाराचं मला कळत नाही. दुपारी थोडा वेळ ह्यांना टेकू द्याल का?"

"देईन, वहिनी."

नागोजीचे कान लाल झाले होते. पण तो नको म्हणाला नाही.

अरविंदनं आधी फोरमनकडे दुसरं स्टूल मागितलं. फोरमन म्हणाला, "लेथवाल्याला स्टूल मंजूर नाही. एकाला दिलं की सगळे मागतील." तेव्हापासून जेवणानंतर अरविंद उठायचा आणि म्हणायचा, "नागोजी, मी चक्कर मारून येतो, टेबलाकडं जरा बघा." नागोजी लेथ थांबवून यायचा, बसायचा. चक्कर कसली ते दोघांनाही माहीत होतं. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

काही वर्षांनी अरविंदला बढती मिळाली. त्याच्या जागी पदवीवाला आला. माणूस वाईट नव्हता. दुपारी उठायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि नागोजीनं सांगायचा प्रश्नच नव्हता. निवृत्त होईपर्यंत तो उभाच राहिला. शेवटच्या दिवशी टेबलापाशी येऊन त्यानं माझ्या फळीवर हात ठेवला.

"काही काम होतं?" पदवीवाल्यानं विचारलं.

"नाही," म्हणाला, आणि गेला.

नंतर तिथं लोखंडी खुर्ची आली. मला फाटकाशी, चौकीदाराच्या खोलीबाहेर आणून टाकलं. माझा एक पाय आता हलतो. नोकरी मागायला आलेली मुलं कागद छातीशी धरून सकाळपासून उन्हात उभी असतात. मी शेजारी रिकामाच असतो. ती माझ्याकडे बघतात आणि उभीच राहतात. ही जागा आपली नाही, असं त्यांना वाटत असावं.

बसा, बाळांनो. जरा बेतानं टेका. माझ्यापाशी काही दाखवावं लागत नाही.