उजव्या बाजूचा खिसा

"कुणाला खरं वाटायचं नाही, मावशी, पण आमच्या अख्ख्या बॅचमध्ये एकट्या माझाच हात कधी थरथरला नाही," डोळ्यांच्या डॉक्टरांनी आवाज चढवला. बाकावरच्या चार पेशंटांनी माना वळवल्या. सांगणं त्यांच्यासाठीच चाललं होतं.

मावशीनं नाक मुरडलं. तिची चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेली, आणि हा भाचा त्याच यंत्राशेजारी वाढलेला. हौसेनं शिवलेल्या पहिल्याच सदऱ्याला त्यानं खिसा लावला होता तो उजव्या छातीवर! "समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते रे, गाढवा," हे तिनं त्याला शंभरदा सांगितलं असेल. गाढवाचे डॉक्टर झाले, एवढाच काय तो फरक.

आज तिचा डावा डोळा त्याच्या हवाली होता. त्यातला मोतीबिंदू पार पिकलेला. उजवा मात्र धडधाकट. त्याच्याच जिवावर ती अजून सुई ओवायची. त्याला काही झालं, की यंत्र विकायचं आणि सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं.

"शिकताना बोकडाच्या डोळ्यांवर हात बसवायचा असतो," डॉक्टर रंगात आले. "मी असा नाजूक टाका घातला, असा नाजूक, की खाटकाकडून आणलेल्या त्या मुंडक्यानं मला डोळा मारला!"

"शरमेनं मिटला असेल बिचाऱ्यानं, तुझ्या हाती सापडला म्हणून."

बाक खुसखुसला.

"सर म्हणाले, तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही."

"सदऱ्याच्या वेळी मीपण हेच म्हणाले होते. कपाळाला हात लावून."

सिस्टरनं मावशीच्या डाव्या डोळ्यात थेंब घातले आणि केसपेपर डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी तो न बघताच बाजूला सारला. ऑपरेशनच्या डोळ्यावर खूण करायची होती. पेन काढून ते स्टुलावर मावशीच्या समोर बसले. लक्ष मात्र बाकाकडेच.

"वीस हजार डोळे गेले या हाताखालून! झोपेतून उठवा, डावा कुठला, उजवा कुठला, सांगतो. आजवर एकदाही चूक नाही!"

पेनाचं गार टोक भुवईवर टेकलं, बाण उमटला. मावशीनं त्यांचं मनगट करकचून धरलं.

"खोटारड्या! हा माझा उजवा डोळा आहे. पुन्हा खिसा भलत्याच बाजूला लावलास!"