झैनहुम इस्त्रीवाल्याची तिसरी शपथ

मी आत्ता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. विश्वास ठेवील असा माणूस कैरोत अजून जन्मायचाय. तरी सांगतो, कारण चहा आलाय आणि हा सिधुम नवा आहे. सिधुम, तू प्लंबर, गल्लीत येऊन तुला जेमतेम वर्ष झालं. ही गुळगुळीत फरशी तुला आयती मिळाली. त्याआधी इथलं गटार असं तुंबायचं की या कॉफीखान्यात मी नावेतून यायचो. नाव माझी, वल्ही मारायला आमची ही.

तर इथंच सभा भरली. घरं पंधरा, खर्च नव्वद हजार पौंड. जुनी गटारं उखडायची, नवे पाईप टाकायचे, वर फरशी. घरटी सहा हजार. आकडा वगीहच्या आईनं वाचला, कारण पैशाच्या बाबतीत गल्लीचा भरवसा तिच्यावरच.

पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्यापर्यंत पाणी चढत नाही. आम्ही कशाला द्यायचे?"

"चढत नाही, पण उतरतं तुमच्याकडूनच ना," तळमजल्याची बाई म्हणाली. "परवा तुमच्याकडे मुलुखियाची भाजी होती. माझ्या उंबऱ्यापाशी हिरवंगार झालं होतं."

मग झैनहुम उठला. समोर इस्त्रीचं दुकान आहे तो. तोंडात पाणी भरायचं आणि कपड्यावर फवारा उडवायचा, ही त्याची बापापासूनची पद्धत. म्हणाला, "माझ्या दुकानात पाणी येतं ग्लासातून आणि जातं तुमच्या शर्टांवर. तुमच्या गटारात माझा एक थेंब नाही. सहा हजार कशाचे?"

"दुकानावरच राहतोस ना? अंघोळ करत असशील की," वगीहची आई म्हणाली.

"असा काही पुरावा नाही," मागून कोणीतरी बोललं.

सगळे हसले, आणि तिथंच बिघडलं. झैनहुमनं लालबुंद होऊन टेबलावर हात आपटला. "माझ्या दुकानासमोर कुदळ पडली, तर इन्शिराहला माझा तलाक."

हसणं जागच्या जागी थांबलं. आमचे पुरुष असली शपथ टरबुजाचा भाव करतानाही घेतात, ते सोडा. पण याच्या दोन शपथा आधीच मोडल्या होत्या. एक कबुतरावरून, शेजाऱ्याचं कबुतर आपलं म्हणाला आणि ते सगळ्यांदेखत शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन बसलं. दुसरी मेव्हणीच्या लग्नावरून. दोन्ही वेळा मशिदीतल्या शेखांनी संसार पुन्हा जोडून दिला. तिसऱ्यांदा जोडता येत नाही. वरच्या खिडकीतून इन्शिराह रोट्यांसाठी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होती. टोपली अर्ध्यात थांबली आणि रिकामीच वर गेली.

कंत्राटदारानं गल्ली दोन्ही टोकांनी खणत आणली आणि दुकानाच्या अलीकडे-पलीकडे थांबला. मधे तीन मीटर तशीच. दोन्ही बाजूंना पाईपांची तोंडं उघडी, त्यामुळे अख्ख्या गल्लीचं पाणी झैनहुमच्या दारात. चौथ्या दिवशी दुकानात मासे आले. मी स्वतः एक मांगूर धरला. इस्त्रीच्या फळीवर आडवा केला, तर शेपूट पार बाहेर रस्त्यावर.

झैनहुम शेखांकडे धावला. शेख म्हणाले, "रागात बोललास, कदाचित धरलं जाणार नाही. पण कदाचितवर तिसरा तलाक मी अंगावर घेणार नाही. कुदळ पडू देऊ नकोस." मग तो माझ्याशेजारी येऊन बसला. चहा निवला तरी हात लावला नाही.

"मितवल्लीकाका," म्हणाला, "बावीस वर्षं माझ्या तोंडात पाणी असतं. गिऱ्हाइकाशी इन्शिराहच बोलते. भाव ती करते, खोड्या ती काढते, सलाम ती घेते. ती गेली तर मी काय, मुका मरू? सहा हजार घ्या, बारा घ्या."

"ही अक्कल सभेत कुठं होती?" मी विचारलं.

"तोंड रिकामं होतं ना तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्शिराह स्वतः खाली आली. हातात बाकल्याची उसळ ढवळायची लांब पळी. दुकानासमोर उकिडवी बसली आणि खणायला लागली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "कुदळ म्हणाला होतास ना? ही पळी आहे. बघून घे नीट, नंतर तक्रार नको."

तळमजल्याची बाई झारा घेऊन आली. वगीहची आई वाडगा. पाचव्या मजल्यावरचेही उतरले, सूप वाढायचे डाव घेऊन. दुपारपर्यंत खड्डा कोपरभर झाला आणि दगड लागला. कुठल्या तरी सुलतानाच्या काळची शिळा, वीतभर जाड, दुकानाएवढी रुंद. पळ्या वाकल्या. इन्शिराहच्या हातातून रक्त यायला लागलं. झैनहुम भिंतीला टेकून उभा होता, चेहरा परीटघडीच्या शर्टासारखा पांढरा.

तेव्हा मी इथूनच साखरेचा चमचा उचलला. हा एवढासा. शिळेचा कोपरा हेरला, बिस्मिल्ला म्हटलं आणि एकच टोला दिला. शिळा बिस्किटासारखी दुभंगली. कोणी पाहिलं म्हणता? कोणीच नाही. मी सांगितलं, धूळ डोळ्यांत जाईल, पाठी फिरवा. अख्ख्या गल्लीनं भिंतीकडे तोंड केलं, कंत्राटदारानंसुद्धा. इन्शिराहनं तर कानही झाकून घेतले. चमच्याचा आवाज फार मोठा येतो.

संध्याकाळी पाईप जोडला गेला. झैनहुमनं सहा हजार मोजून दिले. आणि तो बघा समोर, तोंडात पाणी, गाल फुगलेले. शेजारी उभी राहून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतेय ती इन्शिराह. सिधुम, भुवई खाली घे. हसायचं तर हळू हस, इथलं बोलणं तिथं स्पष्ट ऐकू जातं.

"काका," सिधुम खणखणीत आवाजात म्हणाला, "ती अर्धी शिळा तुमच्या जिन्याखाली पडलीय. कालच नळ दुरुस्त करताना पाहिली. तिच्यावर कुदळीचे सात घाव आहेत."