छातीवरचा निळा ठिपका

त्या विभागात सगळे तिला ठिपकेबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो कामाच्या वेळी नुसतं दात काढणाऱ्यांचा. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ती बावीस वर्षं सिस्टर होती. बाळ आलं रे आलं, की त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, ठोका जिथं सगळ्यात खणखणीत लागेल तिथं निळ्या पेनानं एक ठिपका द्यायचा. बाकीचं सगळं नंतर.

"सिस्टर, बाळं हरवतील म्हणून खुणा करून ठेवता का?" नवे डॉक्टर विचारायचे. नवे म्हणजे अगदी कोरे करकरीत, दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेले. हुशार होते, नाही कशाला म्हणा! पण हुशारीला घाई फार.

"तुमचं काय जातंय? पेन माझं, शाई माझी," ती म्हणायची.

कारण ती सांगत बसायची नाही. खूप वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत एक बाळ गेलं होतं. फुफ्फुसातून हवा निसटून छातीत कोंडली आणि तिनं हृदय बाजूला ढकललं. पण आधी ते कुठं होतं, हेच कुणी सांगू शकलं नाही.

त्या दिवशी सकाळी आलेला मुलगा चांगला दांडगा होता. पण पोटातच शी करून ती त्यानं श्वासाबरोबर आत ओढलेली, त्यामुळे जन्मल्यावर रडलाच नाही. ठिपकेबाईनं तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबून त्याला पहिले श्वास दिले, मग डॉक्टरांनी घशात नळी घालून त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. अशा बाळाच्या फुफ्फुसाला भोक पडायची भीती असतेच. घाणीमुळे हवा आत जाते, बाहेर येत नाही. वर यंत्राचा दाब. म्हणून ती त्याच्या खाटेपासून हलली नव्हती.

अकराच्या सुमारास ऑक्सिजनचा आकडा घसरला. नव्वद, ऐंशी, सहासष्ट. बाळ निळं पडायला लागलं.

"नळी तुंबली असणार," डॉक्टर धावत आले. "काढून दुसरी घालू."

ठिपकेबाईनं स्टेथोस्कोप ठिपक्यावर ठेवला. काहीच नाही! तिनं तो उजवीकडे सरकवला, आणखी सरकवला. छातीच्या पार दुसऱ्या बाजूला ठोका लागला, मंद, दमलेला.

"डॉक्टर, नळी राहू द्या. डावीकडे हवा कोंडलीय. हृदय उजवीकडे गेलंय."

"अहो, काही बाळांचं हृदय मुळातच उजवीकडे असतं!"

"असतं की! पण याचं सकाळी इथं होतं." तिनं ठिपक्यावर बोट टेकवलं. "हे बघा ना!"

डॉक्टरांनी ठिपक्याकडे पाहिलं. हातातली नवी नळी त्यांनी खाली ठेवली.

एक्स-रेचं यंत्र यायला दहा मिनिटं लागली असती. बाळाकडे तेवढी नव्हती. शीर शोधायचा छोटा दिवा होता, छातीत हवा कोंडली असेल तर त्याच्या उजेडात ती बाजू उजळते; पण मोठमोठ्या खिडक्यांतून ऊन भसाभसा आत येत होतं. "मावशी, ती जाड हिरवी चादर टाका आमच्यावर!" ती ओरडली. साफसफाईच्या मावशींनी हातातलं टाकून खाटेसकट ठिपकेबाई आणि डॉक्टरांवर चादर टाकली. अंधारात तिनं दिवा बाळाच्या उजव्या छातीला लावला, तेव्हा दिव्याभोवती लाल कडं दिसलं, बस्स. डावीकडे लावला आणि ती अख्खी बाजू कंदिलासारखी उजळली.

"हवाच!" डॉक्टर म्हणाले. "सुई द्या."

चादर दूर झाली. सुई वरच्या फासळ्यांमधून आत गेली, तिच्या नळीचं टोक पाण्याच्या वाटीत. आणि वाटीत बुडबुडे आले, भराभर, उकळी फुटावी तसे. सत्तर. ऐंशी. त्र्याण्णव! मावशींनी टाळीच वाजवली.

ठिपकेबाईनं पुन्हा ठिपक्यावर स्टेथोस्कोप ठेवला. ठोका परत आला होता, सकाळच्या जागेवर, खणखणीत. तिला रडू फुटलं. "सकाळी पिशवी मीच दाबली होती हो, त्या दाबानंच भोक पडलं असेल तर?" ती म्हणाली.

"दाबली म्हणून तर तो जगला," डॉक्टर म्हणाले. "आणि आताही तुमच्यामुळेच. मी नळ्याच बदलत बसलो असतो."

सुईच्या जागी छातीत बारीक नळी बसवली. संध्याकाळी व्हीलचेअरवर आई आली. "फुफ्फुस फुटलं म्हणतात, आता कसं व्हायचं?" तिनं विचारलं.

"भोक आपोआप बुजतं," डॉक्टरांनी सांगितलं. "वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. याचं कळलं."

चौथ्या दिवशी छातीतली नळी निघाली, सहाव्या दिवशी श्वासाची. आणि जन्मल्या दिवशी गप्प राहिलेला तो पठ्ठ्या असा काही रडला, की शेजारची तीन बाळं जागी झाली.

घरी जायच्या दिवशी आईनं त्याचं झबलं वर केलं. ठिपका फिकटला होता, पण होता. "पुसताना एवढी जागा सोडत होते," ती लाजत म्हणाली. "पुसला तर चालतो का, माहीत नव्हतं."

ठिपकेबाईनं स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि दुसरं टोक ठिपक्यावर टेकवलं. आईचे डोळे मोठे झाले.

"किती जोरात वाजतंय!"

"आता खुशाल पुसा," ठिपकेबाई म्हणाली.